वाट यकृताची, मुक्काम गाठीचा



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांच्यामुळे या व्यासपीठाला एक चांगला रिवाज लागला आहे. वक्त्याने आपल्या विषयात नवं काय घडतं आहे ते सांगावं आणि त्यातलं किती सिद्ध झालं आहे, तेही सांगावं. आज मी यकृताच्या कर्करोगाबद्दल बोलणार आहे. विषाणूंना वाहन बनवून त्या गाठीत उपचाराचं जनुक पोहोचवायचे प्रयत्न गेली तीस वर्षं चालू आहेत. त्यांचा हिशेब मला आपल्यापुढे मांडायचा आहे.

आधी रोगाचं मोजमाप. 2022 साली जगात यकृताच्या कर्करोगाचे सुमारे 8 लाख 66 हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि त्याच वर्षी या रोगाने सुमारे 7 लाख 58 हजार माणसं गेली. हे दोन आकडे इतके जवळ का, याचं उत्तर यकृताच्या स्वभावात आहे. यकृत मुकाट्याने सोसतं. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, दारू किंवा साठलेली चरबी यांपैकी कशाने तरी ते वर्षानुवर्षं झिजत राहतं, आणि पोट फुगेपर्यंत किंवा डोळे पिवळे होईपर्यंत घरात कुणाला पत्ता नसतो. गाठ सापडते तेव्हा बहुतेकांच्या बाबतीत तिच्याभोवतीचं यकृतही सिरॉसिसने निबर झालेलं असतं. म्हणजे डॉक्टरांपुढे एकाच वेळी दोन रोग असतात. गाठ मारायची, आणि उरलंसुरलं यकृत जगवायचं. ही दुहेरी अट लक्षात ठेवा. पुढे येणारं प्रत्येक यश आणि अपयश तिच्यावरच तपासायचं आहे.

शस्त्रक्रिया किंवा यकृत प्रत्यारोपण ज्यांना शक्य नसतं, त्यांच्यासाठी फार काळ हाती काही नव्हतं. सोराफेनिब या गोळीच्या मोठ्या चाचणीत रुग्णांचं मध्यम आयुर्मान 7.9 महिन्यांवरून 10.7 महिन्यांवर गेलं, आणि ती मोठी बातमी ठरली. 2020 साली अटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब या जोडीने सोराफेनिबला मागे टाकलं. तिच्यामुळे मध्यम आयुर्मान 19.2 महिन्यांपर्यंत पोहोचलं. ही प्रगती खरी आहे, पण ती महिन्यांत मोजावी लागते. आणि 1990च्या दशकात तर ही औषधंही नव्हती, म्हणून तेव्हा काही शास्त्रज्ञांनी वेगळा विचार केला. कर्करोग जर पेशीच्या जनुकांत घडलेल्या बिघाडाने होतो, तर औषध म्हणून जनुकच का देऊ नये?

जनुक म्हणजे डीएनएचा लांबलचक रेणू. तो नुसता रक्तात सोडला तर काही मिनिटांत तुटून जातो, आणि पेशीचं आवरण त्याला आत घेत नाही. आवरण ओलांडून पेशीत शिरण्याची कला कोट्यवधी वर्षांपासून साधलेली आहे ती विषाणूंना. म्हणून असा एखादा विषाणू घ्यायचा, त्याच्या जनुकांतली स्वतःच्या प्रती काढणारी जनुकं काढून टाकायची आणि मोकळ्या झालेल्या जागेत आपल्याला हवं ते जनुक बसवायचं. असा विषाणू पेशीत शिरतो, आपलं जनुक तिथे उतरवतो आणि थांबतो, वाढत नाही. त्याला वेक्टर म्हणतात.

ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली कोव्हिशील्ड ज्यांनी घेतली, त्यांच्या दंडात असाच वेक्टर टोचला गेला. तो चिंपांझीचा ॲडिनोव्हायरस होता, वाढण्याची क्षमता काढून घेतलेला आणि करोनाच्या काट्याचं जनुक वाहून नेणारा. एका मात्रेत त्याचे 5,000 कोटी कण होते. आणि आपल्यापैकी जे वडीलधारे आहेत, त्यांच्या दंडावर देवीच्या लसीचा व्रण असेल. तो उमटवणारा व्हॅक्सिनिया विषाणूही पुढे यकृताच्या कर्करोगावर वापरून पाहिला गेला. या दोन्ही विषाणूंची कथा आता ओघाने येईल.

यकृतासाठी विषाणू वेक्टर वापरण्याची कल्पना पुढे आली, त्यामागे एक निरीक्षण होतं. ॲडिनोव्हायरस शिरेतून दिला की त्याचा मोठा वाटा यकृतातच जाऊन बसतो. असं का होतं, याचा उलगडा 2008 साली उंदरांवरच्या प्रयोगांतून झाला. रक्त गोठवणारं 'फॅक्टर टेन' नावाचं प्रथिन विषाणूच्या कवचाला चिकटतं आणि त्याला यकृताच्या पेशींपर्यंत घेऊन जातं. एएव्ही हा दुसरा, त्याहून कितीतरी लहान विषाणू. त्याच्या आठव्या प्रकारालाही यकृत असंच जवळचं. मग ज्या अवयवाकडे विषाणू आपणहून जातो, त्याच्या कर्करोगावर उपचार करणं सर्वांत सोपं असायला हवं, असं तेव्हा अनेकांना वाटलं.

तीस वर्षांच्या कामाने दाखवून दिलं ते असं: विषाणू यकृतात पोहोचला म्हणजे गाठीत पोहोचला असं होत नाही. यकृताच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीला कुप्फर पेशी पहारा देत बसलेल्या असतात. विषाणूचे बहुसंख्य कण आधी त्याच गिळतात आणि दाहाचा इशारा साऱ्या शरीरभर पाठवतात. त्यांच्या तावडीतून सुटलेले कण जातात ते मुख्यतः निरोगी पेशींत. सिरॉसिस झालेल्या माणसाकडे याच पेशी थोड्या उरलेल्या असतात, आणि त्यांच्याच बळावर तो जगत असतो. भर म्हणजे ॲडिनोव्हायरस हा सर्दीपडशाचा विषाणू असल्याने आपल्यापैकी बहुतेकांच्या रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं आधीच तयार असतात.

मग वाट कशी बदलायची? इथे यकृताची रचना मदतीला येते. या मळ्याला दोन पाटांनी पाणी मिळतं. आतड्यांकडून येणारी पोर्टल शीर निरोगी यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त पुरवते आणि उरलेलं यकृत धमनी. कर्करोगाची गाठ मात्र आपलं जवळजवळ सगळं रक्त धमनीच्या पाटातून घेते. केमोएम्बोलायझेशन नावाची उपचारपद्धत याच भेदावर उभी आहे.

ती प्रत्यक्षात कशी चालते, ते सांगतो. रुग्ण जागा असतो. जांघेतली त्वचा बधिर करून धमनीत सुई घालतात आणि तिच्यातून सुतळीएवढी लवचिक नळी, म्हणजे कॅथेटर, वर सरकवतात. पडद्यावर एक्स-रेचं चित्र हलत असतं. कॅथेटर महाधमनीतून यकृत धमनीत वळतो. तिथून त्याच्याहून बारीक नळी पुढे जाते आणि गाठीला पोसणारी फांदी शोधते. रंगद्रव्य सोडलं की ती फांदी पडद्यावर काळी उमटते आणि तिच्या टोकाला गाठ फुलून दिसते. नेमक्या त्या ठिकाणी औषध सोडायचं आणि मागून वाट बंद करायची. वेक्टर देणाऱ्यांनी हाच मार्ग उचलला. काही जणांनी सोनोग्राफीच्या साह्याने सुई थेट गाठीत घालून विषाणू टोचला.

पण धमनीचा मार्ग पत्करला म्हणजे धोका टळला असं नाही, आणि त्याचा पुरावा एका मुलाच्या मृत्यूने दिला. जेसी गेल्सिंगर अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातला 18 वर्षांचा तरुण. त्याला कर्करोग नव्हता. अमोनियाचा निचरा करणारं यकृतातलं एक एन्झाइम त्याच्यात कमी होतं, आणि गोळ्या आणि पथ्य यांवर तो बरा राहत होता. हाच विकार घेऊन जन्मणाऱ्या बाळांच्या कामी यावं म्हणून तो पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या चाचणीत सामील झाला. 13 सप्टेंबर 1999 रोजी त्याच्या यकृत धमनीत ॲडिनोव्हायरस वेक्टर सोडण्यात आला. मात्रा होती सुमारे 38 लाख कोटी कणांची, म्हणजे कोव्हिशील्डच्या एका मात्रेच्या साडेसातशे पटींहून अधिक, आणि तीही थेट रक्तात. त्या रात्री ताप चढला, दुसऱ्या दिवशी कावीळ दिसली, मग रक्त गोठण्याची व्यवस्था कोसळली आणि एकेक अवयव थकत गेला. 17 सप्टेंबरला तो गेला. त्याच्या आधी जवळपास तेवढीच मात्रा घेतलेल्या व्यक्तीला असा त्रास झाला नव्हता. एकाला पचलेली मात्रा दुसऱ्याचा जीव घेऊ शकते, कारण तिचा परिणाम ठरवते प्रत्येकाची वेगळी प्रतिकारशक्ती.

नंतरच्या चौकशीत आणखी काही उघड झालं. आधीच्या स्वयंसेवकांना झालेला त्रास आणि माकडांवरच्या प्रयोगांतले मृत्यू संमतिपत्रात स्पष्ट मांडलेले नव्हते. जेसी मदत करायला पुढे आला होता. त्याला सगळं कळणं हा त्याचा हक्क होता, आणि तो डावलला गेला याची खंत या क्षेत्रातल्या प्रत्येकाने बाळगली पाहिजे.

आता पाहू, जनुक कोणतं न्यायचं. पहिलं नाव सुचलं ते पी-53. पेशीच्या डीएनएला इजा झाली की हे जनुक विभाजन थांबवतं, आणि दुरुस्ती जमत नसेल तर पेशीला मरायला लावतं. यकृताच्या कर्करोगाशी त्याचं नातं फार नेमकं सापडलं आहे. दमट हवेत साठवलेल्या मक्यावर आणि शेंगदाण्यावर जी बुरशी धरते, तिच्यात ॲफ्लाटॉक्सिन नावाचं विष असतं. 1991 साली चीनमधल्या चिदोंग भागातल्या गाठी तपासल्या, तेव्हा 16 पैकी 8 गाठींत पी-53च्या 249 क्रमांकाच्या जागी एकच अक्षर बदललेलं आढळलं. आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या गाठींतही तोच बदल सापडला. विषाने जनुकावर आपली सही सोडावी, असा हा प्रकार होता.

चीनने 2003 साली पी-53 वाहून नेणारा ॲडिनोव्हायरस, 'जेंडिसिन', डोक्या-मानेच्या कर्करोगासाठी मंजूर केला. कुठल्याही देशाने बाजारासाठी मान्यता दिलेलं ते जगातलं पहिलं जनुकोपचाराचं औषध. पुढे तिथल्या डॉक्टरांनी ते केमोएम्बोलायझेशनच्या जोडीने यकृताच्या गाठींवरही वापरलं. तत्त्वात मात्र एक अडचण राहतेच. पी-53चं प्रथिन चौघांच्या गटाने काम करतं. पेशीत बिघडलेलं प्रथिन भरपूर असेल तर ते नव्या चांगल्या प्रथिनाला आपल्या गटात ओढून निकामी करतं. दुसरी अडचण संख्येची आहे. लहानशा गाठीतही कोट्यवधी पेशी असतात, त्यांतली प्रत्येक गाठणं कुठल्याच वेक्टरला जमत नाही, आणि सुटलेल्या पेशींतून गाठ पुन्हा उभी राहते.

या अडचणीवर एक उपाय निघाला. हर्पिस विषाणूचं थायमिडीन कायनेज हे जनुक गाठीत सोडायचं आणि मग गॅन्सिक्लोव्हिर हे औषध द्यायचं. औषध तसं बरंचसं निरुपद्रवी, पण ज्या पेशीत ते जनुक आहे तिथे त्याचं विष होतं आणि पेशी मरते. शेजारच्या पेशी एकमेकींशी सूक्ष्म छिद्रांनी जोडलेल्या असतात. ते विष तिथून झिरपतं आणि जिला जनुक मिळालंच नव्हतं, तीही दगावते. स्पेनमधल्या पाम्प्लोना इथल्या नवारा विद्यापीठाच्या गटाने याची छोटी चाचणी केली, 2010 साली तिचे निष्कर्ष आले. त्याआधी याच गटाने प्रतिकारशक्ती जागवणारं इंटरल्यूकिन-12 हे जनुक ॲडिनोव्हायरसमधून गाठींत टोचून पाहिलं होतं. दोन्ही उपचार रुग्णांनी बऱ्यापैकी सोसले. गाठींवर थोडाफार परिणामही दिसला, पण रोग आटोक्यात यावा एवढा तो नव्हता.

मग विचार पुढे गेला. विषाणूची वाढ पूर्ण बंद न करता, तो फक्त कर्करोगाच्या पेशीतच वाढेल अशी सोय केली तर? पेशी फोडून बाहेर पडलेले कण पुढच्या पेशी गाठतील, आणि फुटलेल्या गाठीचे तुकडे पाहून शरीराची प्रतिकारशक्तीही जागी होईल. चीनने 2005 साली एच-101 हा असा ॲडिनोव्हायरस नाकामागच्या घशाच्या कर्करोगासाठी मंजूर केला. यकृतासाठी सर्वांत मोठी आशा लागली ती पेक्सा-व्हेकवर. हा देवीच्या लसीचाच व्हॅक्सिनिया विषाणू. त्याचं एक जनुक काढून त्याला विभाजन पावणाऱ्या पेशींवर अवलंबून केलं होतं, आणि प्रतिकारक पेशींना बोलावणारं जीएम-सीएसएफ हे जनुक आत घातलं होतं.

ही कथा मी सविस्तर सांगतो, कारण इथे एका शास्त्राची कसोटी लागली. 2013 साली 30 रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष छापून आले. मोठी मात्रा घेतलेल्यांचं मध्यम आयुर्मान 14.1 महिने, लहान मात्रा घेतलेल्यांचं 6.7 महिने. दुपटीहून अधिक! जगभर बातम्या झाल्या. सोराफेनिब निकामी ठरलेल्या 129 रुग्णांवर पुढची चाचणी झाली, तेव्हा पेक्सा-व्हेक घेतलेले आणि न घेतलेले यांच्यात फरक दिसला नाही. दोन्ही गटांचं आयुर्मान चार महिन्यांच्या आसपासच राहिलं. मग तिसरी, मोठी चाचणी सुरू झाली. यात आधी विषाणू आणि नंतर सोराफेनिब द्यायचं, आणि तुलना नुसत्या सोराफेनिबशी करायची. 459 रुग्ण दाखल झाल्यावर, ऑगस्ट 2019 मध्ये, स्वतंत्र तज्ज्ञांनी मधले आकडे पाहिले आणि ती थांबवली. विषाणू घेतलेल्या गटाचं मध्यम आयुर्मान 12.7 महिने होतं, तर नुसत्या सोराफेनिबच्या गटाचं 14.0 महिने.

यातून काय घ्यायचं? एक तर 30 रुग्णांच्या अभ्यासात दिसलेला दुप्पट फरक योगायोगानेही येऊ शकतो. तीस जणांत कुणाचं यकृत किती शाबूत आहे, कुणाची गाठ किती जुनी आहे, एवढ्यानेही आकडे हलतात. दुसरं, ज्या रुग्णाचं यकृत संपत आलं आहे त्याला काही आठवडे आधी विषाणू द्यायचा, तर तेवढा काळ सिद्ध झालेलं औषध लांबवावं लागतं. आणि तिसरं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ती चाचणी प्रामाणिकपणे केली गेली, वेळेवर थांबवली गेली आणि तिचे आकडे जाहीर झाले. त्यामुळे पुढच्या शेकडो रुग्णांचे मोलाचे महिने वाचले. ज्या 459 जणांनी त्यासाठी आपलं शरीर दिलं, त्यांचं ऋण वैद्यकशास्त्रावर आहे.

आज काम कुठे आलं आहे? प्रयत्नांचा रोख आता नेमकेपणावर आहे. अल्फा-फीटोप्रोटीन हे प्रथिन गर्भाच्या यकृतात आणि यकृताच्या अनेक गाठींत तयार होतं, प्रौढ निरोगी यकृतात जवळजवळ नाही. त्या जनुकाचा प्रमोटर, म्हणजे चालू-बंद करणारा भाग, वेक्टरमधल्या जनुकाला जोडला की ते गाठीतच चालू होतं. उलट बाजूने, निरोगी यकृतात भरपूर असणाऱ्या मायक्रो-आरएनए-122चा उपयोग करून निरोगी पेशींत ते बंद ठेवता येतं. 2009 साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या शास्त्रज्ञांनी एएव्हीमधून मायक्रो-आरएनए-26ए उंदरांच्या यकृतात पोहोचवला, आणि बहुतेक उंदरांमध्ये कर्करोगाला चांगलाच आवर बसला. चीनमधला व्हीजी-161 हा हर्पिस विषाणू प्रतिकारशक्ती चेतवणारी अनेक जनुकं एकाच वेळी वाहतो. बाकीची औषधं थकलेल्या रुग्णांवर त्याचे सुरुवातीचे निष्कर्ष 2025 साली आशादायक आले आहेत. पण पेक्सा-व्हेकच्या अनुभवानंतर मी त्यांना सुरुवातच म्हणेन. मोठी, तुलनेची चाचणी व्हायची आहे.

एएव्हीबाबत एक सावधगिरीची नोंद केलीच पाहिजे. 2015 साली फ्रान्समधल्या संशोधकांनी यकृताच्या 193 गाठी तपासल्या. त्यांतल्या 11 गाठींत निसर्गातला एएव्ही-2 हा विषाणू नेमक्या कर्करोगाशी संबंधित जनुकांत घुसलेला सापडला. नवजात उंदरांतही एएव्ही वेक्टरमुळे यकृताच्या गाठी झाल्याचे प्रयोग आहेत. हिमोफिलियाच्या हजारो रुग्णांसाठी एएव्ही वरदान ठरू शकतो, तरीही ज्याचं यकृत आधीच जखमी आहे, त्याच्या बाबतीत हा प्रश्न वर्षानुवर्षं डोळ्यांत तेल घालून पाहावा लागेल.

आपल्याकडेही वेक्टर बनवण्याची विद्या आता रुजली आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या सहकार्यातून घडलेली 'नेक्सकार-19' ही रक्ताच्या कर्करोगांवरची पेशी-चिकित्सा ऑक्टोबर 2023 मध्ये मंजूर झाली. तिच्यात रुग्णाच्या पांढऱ्या पेशी बाहेर काढून लेंटिव्हायरस वेक्टरने त्यांत नवं जनुक घालतात आणि त्या परत देतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने याच वेक्टरच्या साह्याने हिमोफिलियाच्या पाच रुग्णांवर केलेल्या उपचारांचे निष्कर्ष 2024 साली जगापुढे आले. पेशी शरीराबाहेर बदलायच्या, म्हणजे कुप्फर पेशींचा पहाराही नको आणि अफाट मात्राही नको. ग्लिपिकॅन-3 हे प्रथिन यकृताच्या बहुसंख्य गाठींवर असतं. त्याला ओळखणाऱ्या अशाच पेशींच्या चाचण्या जगात चालू आहेत. आपल्या संस्थांनी या दिशेला बळ द्यावं, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे.

इथे बसलेल्यांपैकी कुणाच्या घरात हा रोग असेल आणि कुणी 'जीन थेरपीने बरं करतो' असं सांगत असेल, तर त्याला तीन गोष्टी विचारा. ही चाचणी भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदलेली आहे का? नीतिमत्ता समितीची मान्यता आहे का? आणि तुलनेचा गट कोणता आहे? मंजुरी न मिळालेल्या उपचाराचे पैसे मागितले जात असतील, तर तिथून उठा. संशोधनाचा खर्च रुग्णाच्या माथी मारू नये, हे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या नीतितत्त्वांतच आहे.

आणि एक विषाणूविरोधी शस्त्र आजच आपल्या हातात आहे. तैवानने 1984 साली बाळांना हिपॅटायटिस बीची लस देण्याचा देशव्यापी कार्यक्रम सुरू केला. 6 ते 14 वर्षांच्या मुलांमधलं यकृताच्या कर्करोगाचं प्रमाण दर 10 लाखांमागे 7 होतं. ते दशकभरात 3.6वर आलं. भारताने 2011 साली ही लस देशभरातल्या बाळांसाठी सुरू केली. जन्मानंतर चोवीस तासांत द्यायची पहिली मात्रा चुकू नये, एवढं प्रत्येक प्रसूतिगृहाने पाहिलं तर पुढच्या पिढीतल्या कित्येकांना वेक्टरची गरजच पडणार नाही.

तोवर ज्यांना आज गाठ आहे, त्यांच्यासाठी काम चालू राहिलंच पाहिजे. वेक्टरची विद्या हरलेली नाही. यकृतात शिरणं तिला फार पूर्वी जमलं. आता निरोगी पेशींना धक्का न लावता गाठ गाठायला ती शिकते आहे, आणि अपयशी चाचण्यांचे आकडे झाकले गेले नाहीत म्हणूनच ती शिकू शकते आहे. सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या प्रयोगशाळा, निष्पक्ष चाचण्या आणि रुग्णाला संपूर्ण सत्य सांगणारं संमतिपत्र या तिन्ही गोष्टींचा आग्रह आपण नागरिक म्हणून धरला, तर हे काम लवकर आणि नीट होईल.